अडतीसचा ताप

परवा भाचीला ताप भरला. घरातला पाऱ्याचा थर्मामीटर मागेच फुटलेला, म्हणून मेडिकलमधून धावतपळत डिजिटल आणला. काखेत धरला, टीं टीं वाजला. आकडा आला ३८.४. आईने चष्मा सावरत पाहिलं. "एवढाच? अडतीस तर आमच्या जळगावात होळीलाच होतं."

कपाळाला हात लावला तर चटका बसत होता. मग तोंडी हिशेब मांडला. दुप्पट करायची, तिचा दहावा हिस्सा वजा करायचा, वर बत्तीस मिळवायचे. "अगं, एकशे एक आहे!" हे ऐकलं मात्र, आई पट्ट्यांसाठी वाटीत पाणी घ्यायला उठली.

आपल्याकडे हवा सेल्सिअसमध्ये तापते आणि माणूस फॅरनहाइटमध्ये. १९५६ च्या कायद्याने मेट्रिक मापं आली, शेर-मण जाऊन किलो रुळले. सातबाऱ्यावर हेक्टर-आर आले (बोलताना गुंठेच!). आईच्या लेखी ताप मात्र शंभरीच्या पुढेच सुरू होतो.

आणि ते आपलं लाडकं ९८.६! वुंडरलिश नावाच्या जर्मन डॉक्टरने हजारो रुग्णांच्या काखेतलं तापमान मोजून १८६८ मध्ये निरोगी माणसाचा आकडा दिला, ३७ सेल्सिअस. चांगला गोळाबेरीज आकडा. त्याचं फॅरनहाइट करताना शेपटीला पॉइंट सहा चिकटला, आणि तेवढ्यावरून तो आकडा फार काटेकोर वाटू लागला. ९८.२ दिसलं तरी आमच्याकडे कुणीतरी विचारतं, "अंग गार का पडलंय?"

सेल्सिअसने स्वतः १७४२ मध्ये उकळत्या पाण्याला शून्य आणि बर्फाला शंभर दिले होते. पुढे ते उलटवलं गेलं. हे आईला सांगितलं. "म्हणजे ताप उतरला की आकडा चढणार? बरं झालं बाई, उलटवलं."

रात्री पुन्हा मोजला, ३७.४. एक डिग्री उतरला म्हणजे फॅरनहाइटमध्ये किती? झोपेच्या तारेत मी सवयीने बत्तीस मिळवले आणि पोरीचा ताप जवळपास चौतीस डिग्रीने उतरवला. फरकाला बत्तीस लागत नाहीत, नुसतं एक पॉइंट आठने गुणायचं, हे चहा घेतल्यावर सुचलं.

सकाळी खोक्यातलं पत्रक वाचलं. बटण दाबून धरलं की फॅरनहाइट येतं म्हणे. दाबून धरलं आणि पुन्हा लावला. ९८.८.

"हां," आई म्हणाली, "आता नीट बोलायला लागला."