महाराज मग राज्यपाल झाले का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. पुण्या-मुंबईकडचं कुणी ग्वाल्हेरला आलं, शिंदे महाराजांच्या जयविलास महालातली झुंबरं आणि जेवणाच्या टेबलावरची चांदीची आगगाडी बघून झाली, की चहाच्या वेळी हा प्रश्न येतोच: "संस्थान गेल्यावर महाराज इथले राज्यपाल होते ना?" (त्याआधीचा ठरलेला प्रश्न, "लष्करात म्हणजे घरात कोण मिलिटरीत?" लष्कर ही आमची वस्ती हो! दौलतराव शिंद्यांची छावणी पडली होती इथे.)

तर राज्यपाल नव्हे, राजप्रमुख. २८ मे १९४८ला नेहरूंनी ग्वाल्हेरात मध्यभारत राज्याचं, म्हणजे ग्वाल्हेर-इंदूरसारखी संस्थानं एकत्र करून बनलेल्या राज्याचं, उद्घाटन केलं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख, इंदूरचे यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. शिंदे-होळकरांची जुनी चुरस ठाऊक असलेल्यांना त्या 'उप'चं वजन सांगायला नको. राजधानीही वाटून घेतली: हिवाळ्यात ग्वाल्हेर, उन्हाळ्यात इंदूर. आमच्याकडे मे महिन्यात लू चालते आणि माळव्यातल्या रात्री गार, त्यामुळे सौदा कुणाला लाभला ते उघड आहे. आजोबा मोतीमहालात, म्हणजे तेव्हाच्या सचिवालयात, कारकून होते. दप्तर इंदूरला हललं की आजीची चिडचिड सुरू व्हायची.

कागदावर काम राज्यपालाचंच. विधानसभेपुढे अभिभाषण करायचं, विधेयकांवर सही करायची, मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालायचं. पण राज्यपाल बहुधा परगावचा, राष्ट्रपतींनी नेमलेला, मुदत संपली की सामान बांधणारा. राजप्रमुख आपल्याच वाड्यात. राज्यघटनेत तर अशी तरतूद होती की राजधानीत स्वतःचं घर नसेल, तरच राजप्रमुखाला बिनभाड्याचं सरकारी निवासस्थान मिळेल. जयविलासच्या धन्यासाठी हे वाक्य कुणी गंभीर चेहऱ्यानं लिहिलं असेल का, असं मला नेहमी वाटतं.

अवघड भाग वेगळाच होता. वडील गेले तेव्हा जिवाजीराव नऊ वर्षांचेही झाले नव्हते. कारभाराचे अधिकार हाती आले १९३६ साली, विसाव्या वर्षी. पुढची अकरा-बारा वर्षं त्यांचा शब्द अखेरचा. आणि मग एकतिसाव्या वर्षी दुसऱ्यांनी ठरवलेल्या गोष्टींवर सही. ठरवणारे कोण, तर मध्यभारताचे पहिले मुख्यमंत्री लीलाधर जोशी यांच्यासारखे, याच दरबाराविरुद्ध चळवळ केलेले लोक. हे आठ वर्षं निभावणं मला तरी राज्य करण्यापेक्षा कठीण वाटतं. लोकांनीही त्यांना मदत केली नाही. आजोबांच्या तोंडी 'राजप्रमुख' हा शब्द कधी आलाच नाही. "महाराजांची सही आली", इतकंच.

१ नोव्हेंबर १९५६ला मध्यभारत नव्या मध्यप्रदेशात विलीन होऊन संपलं आणि सातव्या घटनादुरुस्तीनं राजप्रमुखपदही. म्हैसूरचे जयचामराजेंद्र वडियार राजप्रमुखाचे राज्यपाल झाले, तुमचा घोटाळा बहुतेक तिथून होतो. आमच्याकडे तसं घडलं नाही. जिवाजीराव १९६१ साली गेले, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी.

राजधानी भोपाळला गेली. उच्च न्यायालयाचं खंडपीठ, महालेखापालांचं कार्यालय, असं थोडंफार ग्वाल्हेरच्या पदरात पडलं. नव्या मध्यप्रदेशचे पहिले राज्यपाल पट्टाभि सीतारामय्या. आजोबांची बदलीही भोपाळलाच झाली. तिथून आलेलं त्यांचं पहिलं पत्र आईनं जपून ठेवलंय. त्यात खोली लहान असल्याची तक्रार आहे, दूध पातळ असल्याची आहे, आणि राज्यपालांविषयी एकच ओळ: 'गृहस्थ आंध्राकडचे आहेत म्हणतात.'