टेस्टिंग प्रोजेक्टचं प्रेझेंटेशन: एकच बग, पण नीट दाखवा

वेळ दहा मिनिटं, ग्रुपमध्ये चार जण आणि पहिल्या तीन स्लाइड 'सॉफ्टवेअर टेस्टिंग म्हणजे काय' यावर. बरीच प्रेझेंटेशनं इथेच ढेपाळतात. ब्लॅक बॉक्स (कोड न बघता) आणि व्हाइट बॉक्स (कोड बघून) टेस्टिंगमधला फरक परीक्षकांना पाठ असतो. तुम्ही काय तपासलंत, काय सापडलं आणि काय राहिलं, हे त्यांना ऐकायचं असतं.

अ‍ॅपची ओळख एका मिनिटात उरका आणि थेट एका बगवर या. समजा नोंदणीच्या फॉर्ममध्ये १८ ते ६० वय चालतं, दोन्ही टोकं धरून. इक्विव्हॅलन्स पार्टिशनिंगने, म्हणजे ज्यांचा निकाल सारखाच यायला हवा ते आकडे एकत्र धरून, तीन गट पडतात: १८ पेक्षा कमी, मधले, ६० च्या वरचे. प्रत्येकातून एक आकडा घेतला: १०, ३५, ७०. तिन्ही टेस्ट पास. मग बाउंडरी व्हॅल्यूप्रमाणे, म्हणजे टोकांवरचे आणि त्यांना लागून असलेले आकडे घेऊन, १७, १८, ६० आणि ६१ टाकून पाहिले, तर ६० वर्षांच्या माणसाला फॉर्म नाकारतो. कोडमध्ये '६० किंवा कमी' ऐवजी '६० पेक्षा कमी' अशी अट पडली आहे. रिक्वायरमेंट, टेस्ट केस, अपेक्षित आणि प्रत्यक्ष निकाल, चुकलेली ओळ, दुरुस्ती आणि पुन्हा चालवलेली टेस्ट, एवढं सगळं एका स्लाइडवर मावतं आणि दोन मिनिटांत सांगून होतं. दोन्ही तंत्रांची व्याख्या वेगळी सांगावी लागत नाही.

याच उदाहरणावर कव्हरेजचा, म्हणजे टेस्टनी किती कोड चालवून पाहिला याचा, मुद्दा घ्या, कारण प्रश्न हमखास तिथेच येतात. १०, ३५ आणि ७० या तीन टेस्टनी त्या अटीच्या सगळ्या ब्रँच (अट खरी आणि खोटी ठरण्याच्या वाटा) चालतात. म्हणजे ब्रँच कव्हरेज १०० टक्के, आणि बग जागच्या जागी! ओळ चालली एवढंच कव्हरेज सांगतं; निकाल तपासला का, हे त्याला कळत नाही. टेस्टमधले सगळे असर्ट (निकाल तपासणाऱ्या ओळी) काढून टाका, आकडा तेवढाच राहील. नुसतं '८५ टक्के कव्हरेज' लिहिलंत तर पहिला प्रश्न 'स्टेटमेंट की ब्रँच?' आणि दुसरा 'उरलेल्या १५ टक्क्यांत काय आहे?' बहुतेक वेळा तिथे एरर हाताळणारे कॅच ब्लॉक असतात. ते कुणी विचारायच्या आत आपणच सांगावं.

जावा प्रोजेक्टवर पिटेस्ट (कोडमध्ये मुद्दाम छोटे बदल करून टेस्ट ते पकडतात का हे बघणारं टूल) चालवलं असेल तर टेस्टच्या तावडीतून सुटलेला एक म्यूटंट, म्हणजे असा एक बदल, दाखवा. दुरुस्त केलेल्या कोडमध्ये ते '६० किंवा कमी'चं पुन्हा '६० पेक्षा कमी' करून बघतं. जुन्या तीन टेस्ट तरीही पास होतात, म्यूटंट जिवंत राहतो. ६० ची टेस्ट घातली की मरतो. एवढा एक पुरे, रिपोर्टचा अख्खा तक्ता नको.

लाइव्ह डेमोचा मोह टाळा. क्रोम परस्पर अपडेट होतो, जुना क्रोमड्रायव्हर (टेस्टच्या आज्ञा क्रोमला देणारा प्रोग्रॅम) त्याच्याशी जुळत नाही आणि सेलेनियमची (ब्राउझर आपोआप चालवणाऱ्या टूलची) टेस्ट ब्राउझर उघडायच्या आधीच कोसळते. सेलेनियम ४.६ पासून योग्य ड्रायव्हर आपोआप उतरवला जातो खरा, पण त्यासाठी इंटरनेट लागतं, आणि ते नेमकं हॉलमध्ये दगा देतं. ४०-५० सेकंदांचा व्हिडिओ लॅपटॉपवरच ठेवा. त्यात आधी लाल झालेली, म्हणजे फेल गेलेली, टेस्ट दिसू द्या, मग हिरवी. नुसती हिरवी पट्टी पाहून कुणाला काही कळत नाही.

कोडच्या सात-आठ ओळींपेक्षा जास्त एका स्लाइडवर नकोत. पांढरी पार्श्वभूमी घ्या. काळी थीम प्रोजेक्टरवर धुरकट दिसते. चौघांनी प्रत्येकी एकदाच बोलावं. माइक सारखा फिरला की वेळ त्यातच जातो. पण कोणतीही टेस्ट चालवून दाखवता आणि समजावता चौघांनाही आली पाहिजे, कारण प्रश्न सहसा सगळ्यात गप्प बसलेल्याला विचारला जातो.

'किती बग सापडले?' याला नुसता आकडा सांगू नका. किती गंभीर, किती किरकोळ, किती दुरुस्त झाले आणि किती अजून उघडे आहेत, हे सांगा. टेस्ट केसचा पूर्ण तक्ता आणि टूलच्या आवृत्त्या शेवटच्या स्लाइडच्या मागे जोडून ठेवा, विचारलं तरच उघडा.