डिपस्टिकवर वाढत गेलेलं ऑइल

काका वर्कशॉपमध्ये आले ते वही हातात घेऊनच. निवृत्त शिक्षक. पेट्रोल कधी भरलं, टायरमध्ये हवा किती, त्या दिवशी गाडी कुठे गेली, सगळं तारीखवार लिहिलेलं. तक्रारी दोन होत्या: सकाळी स्टार्ट केलं की काही सेकंद वरून खडखड येते, आणि इंजिन गरम झाल्यावर गाडी नुसती उभी असली की ऑइलचा लाल दिवा लुकलुकतो.

"ऑइल कमी नाहीये," ते म्हणाले. "दर रविवारी मी स्वतः बघतो. उलट थोडं वाढलंय. आपलं इंजिन थेंबभरही ऑइल खात नाही."

'वाढलंय' म्हटल्यावर मी हातातलं काम बाजूला ठेवलं. इंजिनमधलं ऑइल आपण ओतल्याशिवाय वाढत नाही. वाढलं, याचा अर्थ त्यात दुसरं काहीतरी मिसळतंय.

डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, ओढली तर पातळी वरच्या खुणेच्याही बरीच वर. बोटांत चोळून पाहिलं, ऑइल फारच पातळ लागलं, आणि पेट्रोलचा वास स्पष्ट येत होता. ऑइल भरायचं झाकण उघडलं, तर आतून सायीसारखा फिकट तपकिरी थर, म्हणजे ऑइलमध्ये पाणी मिसळलेलं. असा थर दिसला की पहिला संशय हेड गॅस्केटवर, म्हणजे इंजिनचा वरचा भाग (हेड) आणि खालचा भाग यांच्यामधल्या सीलवर जातो, कारण गॅस्केट गेलं की कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ऑइलमध्ये उतरतं. काही जण इथेच हेड खोलायला घेतात. मी आधी कूलंटची पातळी पाहिली, ती जागेवर होती. मग कूलिंग सिस्टीमला प्रेशर देऊन ठेवलं. बऱ्याच वेळाने पाहिलं तरी काटा तसूभर हलला नव्हता. गॅस्केट ठीक होतं.

मग पाणी आलं कुठून? ते काकांच्या वहीत सापडलं. घर ते हॉस्पिटल तीन किलोमीटर, काकूंचं डायलिसिस संपेपर्यंत गाडी उभी, परत तीन किलोमीटर. बाकीच्या दिवशीही जवळपासच्याच फेऱ्या. शेवटचं ऑइल बदलून दोन वर्षं झाली होती आणि तेवढ्यात गाडी चालली होती 4,100 किलोमीटर. दहा हजारला बदलायचं असं त्यांना कोणीतरी सांगितलेलं, आणि ते त्यांनी नेमाने पाळलं होतं.

एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक पाणी वाफ होऊन सायलेन्सरमधून निघून जातं, पण थोडी वाफ आणि थोडं न जळलेलं पेट्रोल पिस्टन रिंगांच्या फटीतून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या तळाशी ऑइल साठतं त्या भांड्यात, उतरतं. थंड इंजिनला पेट्रोल जास्त लागतं, म्हणून तेव्हा हे प्रमाणही जास्त. गाडी लांब चालली की ऑइल नव्वद-शंभर अंशांपर्यंत तापतं, आणि पाणी-पेट्रोल उडून ब्रीदरवाटे, म्हणजे चेंबरमधली वाफ बाहेर काढणाऱ्या नळीवाटे, पुन्हा इंजिनात जळायला जातं. तीन किलोमीटरमध्ये हे होतच नाही. तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा असतो, ऑइल त्याच्या बरंच मागे असतं. काकांच्या गाडीत प्रत्येक फेरीला थोडी भर पडत गेली, बाहेर मात्र काही गेलं नाही.

ऑइल प्रेशरच्या स्विचच्या जागी गेज लावला. गरम इंजिन, आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी ठेवून इंजिन नुसतं चालू असताना, प्रेशर एक बारच्याही खाली. चेंबर उतरवला, तर पंपाची जाळी गाळाने अर्धी बुजलेली. गाळ सोडवायला ऑइलमध्ये घालतात तो फ्लश मी वापरला नाही. गाळ एकदम सुटून जाळीत अडकला तर होता तो प्रवाहही थांबतो. चेंबर आणि जाळी हाताने धुतली, नवं फिल्टर आणि कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच ऑइल घातलं. दिवा लुकलुकायचा थांबला.

मग आम्ही दोघांनी ओनर मॅन्युअल उघडलं. दहा हजारच्या पुढेच 'किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं छापलेलं होतं. पान उलटल्यावर खडतर वापराचा वेगळा तक्ता होता, त्यात छोट्या फेऱ्या, खूप वेळ आयडलिंग, धूळ. अशा गाड्यांना मुदत निम्मी. आपली गाडी जपून वापरलेली, ती खडतर वापरात कशी, हे काकांना पटेना. मी त्यांना हिशेब मांडून दाखवला. ताशी 60 च्या सरासरीने 15,000 किलोमीटर जाणारं इंजिन 250 तास फिरतं, आणि ताशी 20 च्या सरासरीने 5,000 जाणारंही 250 तासच. त्यांच्या इंजिनाचे तर बहुतेक तास थंडच गेलेले. त्यांनी दोनदा आकडेमोड करून पाहिली, मग मान हलवली.

पहिला बदल मी महिन्याभरातच करायला सांगितला, कारण उरलेला गाळ नवं ऑइल सोडवून आणतं. त्यानंतर दर सहा महिन्यांनी, किलोमीटर कितीही होवोत. त्यांनी विचारलं, "रविवारी हायवेवर तासभर फिरवून आणली तर मुदत वाढेल का?" जरूर फिरवा म्हटलं, पाणी आणि पेट्रोल उडून जाईल. पण गाळ धरून ठेवणारी आणि आम्ल मारणारी जी द्रव्यं ऑइलमध्ये घातलेली असतात, ती एकदा खर्च झाली की तापवून परत येत नाहीत. म्हणून सहा महिने ते सहाच महिने.