एका अक्षराने ट्यूलिपची बार्ली

ग्रंथालयात पुस्तकाच्या पाठीवरचा एक आकडा चुकला की ते भलत्याच कपाटात जातं आणि वाचकापुरतं हरवतं. बडोद्यात मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत नेमाने जाणाऱ्यांना हे सांगायला नको. सयाजीराव महाराजांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बोलावलेल्या ग्रंथपाल बोर्डन यांनी बडोद्यासाठी वर्गीकरणाची खास पद्धत बसवली होती. जॉन विल्किन्सने तर शब्दांनाच असे क्रमांक दिले, आणि स्वतःच घसरला.

विल्किन्स (१६१४–१६७२) हा इंग्लंडमधला पाद्री. यादवी युद्ध जिंकलेल्या पार्लमेंटच्या बाजूने १६४८ मध्ये त्याला ऑक्सफर्डच्या वॉडम कॉलेजचा वॉर्डन, म्हणजे प्रमुख केलं. वॉर्डन अविवाहित हवा, असा कॉलेजचा नियम. पण १६५६ मध्ये त्याने, राजेशाही मोडून देशाचा सर्वेसर्वा झालेल्या क्रॉमवेलच्या विधवा बहिणीशी, रॉबिनाशी लग्न केलं. मेहुणा क्रॉमवेल असल्यावर सूट मिळायला कितीसा वेळ! १६५९ मध्ये केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजचा मास्टर, म्हणजे तिथला प्रमुख झाला. वर्षभरात राजा परतला आणि ती जागा गेली. तरी १६६८ मध्ये चेस्टरचा बिशप झालाच. निव्वळ संधिसाधू म्हणावं, तर वॉडममध्ये त्याने राजनिष्ठ घरांतली मुलंही सांभाळली होती.

त्याच १६६८ मध्ये त्याचा विश्वभाषेवरचा ग्रंथ आला. आधी छापलेले जवळपास सगळे फर्मे लंडनच्या १६६६ च्या आगीत गेले होते. योजना अशी: जगातल्या यच्चयावत गोष्टींचे ४० वर्ग, प्रत्येकाला दोन अक्षरं. पुढचं व्यंजन पोटभेदाचं, शेवटचा स्वर त्या भेदातल्या वस्तूचा. 'डे' म्हणजे महाभूत. व्यंजनांचा क्रम ब, ड, ग, प, ट असा, म्हणून 'डेब' म्हणजे पहिला भेद, अग्नी. त्याला पहिला स्वर लावला की ज्वाला. 'डेट' हा पाचवा, आकाशातल्या देखाव्यांचा. तिथे पहिल्या स्वराने इंद्रधनुष्य, दुसऱ्याने चंद्रसूर्याभोवतीचं खळं.

गोम इथेच आहे. 'गहू'चं 'गहु' छापलं म्हणून आपण त्याला गुलाब समजत नाही. विल्किन्सकडे मात्र चुकीचं अक्षरही दुसरा खराखुरा शब्द बनवतं, तोही शेजारच्याच घरातला. वाचकाला संशयसुद्धा येत नाही. ट्यूलिपचा 'गापे' लिहायचा तिथे त्याच्याच पुस्तकात 'गाडे' पडलं, म्हणजे बार्ली!

वनस्पतींचे तक्ते निसर्गाभ्यासक जॉन रे याने करून दिले होते. निसर्ग नेईल तसं जाता आलं नाही, झाडं विल्किन्सच्या चौकटीत कोंबावी लागली, अशी तक्रार त्याने मित्राला लिहिलेल्या पत्रात केली.