नवीनच का नाही लिहीत? तुम्ही विचारलंत म्हणून

नागपुरात इंजिनिअरिंगची पोरं भेटली की एक प्रश्न ठरलेला, दादा तुम्ही त्या एफआरआरच्या, म्हणजे राउटरला रस्ते ठरवून देणाऱ्या ओपन सोर्स सॉफ्टवेअरच्या, जुन्या सी कोडमधे डोकं घालून राहिले, त्यापेक्षा स्वतःचं राउटिंग सॉफ्टवेअर नवीन का नाही लिहीत?

लिहिता येतं ना. बीजीपी म्हणजे इंटरनेटवरची नेटवर्कं एकमेकांना रस्ते सांगतात ती भाषा, तिचं नियमपत्रक आरएफसी ४२७१ समोर ठेवून दोन राउटर एकमेकांशी बीजीपी बोलतील एवढा कोड हुशार पोरगं सुट्टीत लिहून काढेल. खरं काम त्याच्यानंतरचं आहे.

बीजीपीत रूटसोबत अॅट्रिब्यूट, म्हणजे त्या रूटबद्दलची माहिती, येतात, त्यातले काही मधल्या राउटरला समजले नाही तरी तो तसेच पुढे पाठवतो, म्हणजे खराब अॅट्रिब्यूट कुठून तरी लांबून निघतो, मधले सगळे त्याला जाऊ देतात आणि जो उघडून वाचायला जातो तिथे गडबड होते. जुना नियम होता की चूक दिसली की अख्खं सेशन, म्हणजे शेजारच्या राउटरशी असलेलं कनेक्शन, तोडा. एका रूटपायी शेजाऱ्याकडून आलेले लाखो रूट गेले, सेशन परत उभं राहिलं की तोच रूट परत येणार, परत तुटणार! २०१५ च्या आरएफसी ७६०६ नी सांगितलं की बहुतेक वेळा तेवढाच रूट काढून टाका, बाकी चालू राहू द्या. आणि एफआरआरलाही धडा मिळालाच, जानेवारी २०१९ मधे संशोधकांनी प्रयोगासाठी राखीव असलेला अॅट्रिब्यूट नियमानुसार सोडला तर एफआरआरची सेशन्स तुटली, प्रयोग थांबवावा लागला. तो फिक्स आज कोडमधे आहे, असे कितीतरी आहेत. १९९६ च्या झेब्रापासून, मग क्वागा, मग २०१७ मधे एफआरआर, तोच कोड लोक दुरुस्त करत आलेत. नवीन कोडमधे हे सगळं कुठून आणणार?

नवीन लिहूच नये असं नाही. ओपनबीजीपीडी हे दुसरं बीजीपी सॉफ्टवेअर झेब्रावर समाधान नव्हतं म्हणूनच लिहिलं गेलं, तसंच प्रागमधलं बर्ड तर आज कितीतरी इंटरनेट एक्स्चेंजच्या, म्हणजे अनेक नेटवर्कं एकमेकांना जोडली जातात त्या ठिकाणांच्या, रूट सर्व्हरवर चालतं. पण त्यांनी लिहून सोडून नाही दिलं, वीस-वीस वर्षं सांभाळलं. मला रस्ट या प्रोग्रामिंग भाषेत लिहायचंय एवढंच कारण असेल तर ते शिकायला छान आहे, नागपुरातल्या वाडी नाहीतर मनीषनगरातल्या घरांचं नेट त्याच्यावर टाकायला मी तयार नाही.

सुरुवात टोपोटेस्टपासून, म्हणजे एफआरआरच्या टेस्टच्या संचापासून, करा. लिनक्सच्या नेटवर्क नेमस्पेसमधे, म्हणजे एकाच मशीनमधल्या वेगवेगळ्या आभासी नेटवर्कमधे, एका लॅपटॉपवर पाच-सहा राउटर उभे होतात, टेस्ट पायथनमधे लिहायची. टेस्ट नसलेला एखादा बग शोधा, आधी टेस्ट लिहून ती फेल होते का बघा, मगच सी कोडला हात लावा. कमिटच्या, म्हणजे पाठवलेल्या बदलाच्या, पहिल्या ओळीत 'बीजीपीडी:' (एफआरआरच्या बीजीपीवाल्या भागाचं नाव) नाही, खाली साइन-ऑफ, म्हणजे तुमच्या नावाची सही, नाही, एवढ्यावरूनही परत येईल, तर दुरुस्त करून पाठवा. अडलं तर लॅपटॉप घेऊन या, सोबत बसून बघू.