सटन हू: आधी बक्कल, मग टेकाड

इंग्लंडच्या सफक परगण्यातलं सटन हू, म्हणजे सातव्या शतकात एका बड्या माणसाला जहाजात, सोन्यानाण्यासकट पुरलं ते टेकाड, बघायला निघालात तर माझ्यासारखा क्रम चुकवू नका. मी आईला घेऊन थेट तिथेच गेले. तिथल्या दालनात आहेत त्या प्रतिकृती. अस्सल सोनं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये. "म्हणजे देऊळ इथे आणि देव तिकडे!" आई म्हणाली.

देवदर्शन दुसऱ्या दिवशी झालं. वरच्या मजल्यावर, दालन क्रमांक 41. प्रवेश फुकट, शुक्रवारी रात्री साडेआठपर्यंत उघडं. चाकांची सुटकेस मात्र आत नेऊ देत नाहीत.

सातव्या शतकाच्या सुरुवातीचं हे कमरपट्ट्याचं सोन्याचं बक्कल. लांबी 13.2 सेंमी, वजन 412 ग्रॅमच्या वर. आईने लगेच हिशेब केला, "41 तोळे!" वर एकमेकांत गुंतलेले 13 प्राणी, रेषांमध्ये काळ्या मिन्यासारखी भर. एकेका प्राण्याचं डोकं शोधत गेलं तर दहा मिनिटं सहज जातात. बक्कल आतून पोकळ आहे, मागची बाजू बिजागरीवर उघडते आणि तीन सरकत्या खिट्ट्यांनी बंद होते. आत काय ठेवत असतील, यावर आमचं एकमत झालं नाही.

खरी मजा शेजारच्या खांद्यावरच्या जोडपट्ट्यांत. खांद्याच्या गोलाईप्रमाणे वाकवलेले दोन-दोन भाग, मधे बिजागरी, तिच्यात घालायचा खिळा, आणि तो हरवू नये म्हणून बारीक साखळी. "अगं, हा तर माझ्या तोड्याचा खिळा!" आई एवढ्या मोठ्याने म्हणाली की दोन-चार जणांनी वळून पाहिलं. लाल खडे गार्नेटचे; आपला गोमेद याच कुळातला. खड्यांखाली नक्षी उठवलेला सोन्याचा वर्ख असतो, म्हणून ते आतून पेटल्यासारखे दिसतात. समोरून बघून पुढे जाऊ नका. थोडं बाजूला सरकत राहिलात की वर्ख चमकतो. त्या काळच्या युरोपीय दागिन्यांतले पुष्कळ गार्नेट भारत-श्रीलंकेकडून गेले होते, हे कळल्यावर आई परत मागे फिरली.

पट्ट्याला टांगायच्या बटव्याचं झाकणही इथेच आहे. कातडं कुजून गेलं. सोन्याची 37 नाणी राहिली.

आता टेकाड. लंडनच्या लिव्हरपूल स्ट्रीट स्टेशनवरून इप्सविच, तिथे गाडी बदलून मेल्टन. पुढे साधारण दोन किलोमीटर पायी, शेवटी चढ. गुडघे दुखत असतील तर टॅक्सी आधीच ठरवा. 1939 साली उत्खनन करणाऱ्या बॅसिल ब्राउन यांनी इथे 27 मीटर लांबीचं जहाज शोधलं, म्हणजे वाळूतला त्याचा ठसा आणि लोखंडी रिव्हेट. आम्लयुक्त वाळूने लाकूड खाल्लं, आत पुरलेला माणूसही खाल्ला. तो बहुधा ईस्ट अँग्लियाचा, म्हणजे या भागातल्या जुन्या राज्याचा राजा रेडवाल्ड असावा, असं मानतात. जमीन एडिथ प्रिटी यांची. ऐवज त्यांचाच, असा निवाडा झाला आणि त्यांनी सगळा संग्रहालयाला देऊन टाकला. ("सगळा?" – आई.)

खाली उभं राहिलं तर गवताळ उंचवटे, बाकी काही नाही. 17 मीटरच्या मनोऱ्यावर चढा, तिथून मांडणी कळते. वर वारा सुसाट असतो. आम्ही जूनमध्ये स्वेटर घातले होते. ही जागा सांभाळणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेचं तिकीट लागतं, वेळा ऋतूप्रमाणे बदलतात. आणि परतीची गाडी बघून ठेवा: मेल्टनला साधारण तासाला एकच येते, आमची डोळ्यांदेखत गेली.