केड्स कोव्ह: रिकामी घरं, तीन चर्च आणि एक पाणचक्की

अमेरिकेत टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानाला जाणाऱ्या आपल्या मंडळींचा बेत बहुधा ठरलेला असतो. गॅटलिनबर्गला मुक्काम, कुवोहीचा मनोरा (पूर्वीचा क्लिंगमन्स डोम), न्यूफाउंड गॅपला फोटो, आणि वेळ उरलाच तर केड्स कोव्हला गाडीतून एक फेरी, अस्वल दिसतंय का ते बघायला. मी म्हणेन, हा क्रम फिरवा. लहान मुलं आणि भारतातून आलेले आईवडील असे दोन्ही सोबत असतील, तर केड्स कोव्हला अख्खा दिवस द्या आणि बाकीचं उरलेल्या वेळात बसवा. अस्वल दिसलं तर उत्तमच. पण जायचं ते तिथल्या माणसांसाठी. त्यांची घरं, गोठे, चर्च आणि थडगी अजून जागेवर आहेत.

जागा टेनेसीच्या बाजूला आहे. समुद्रसपाटीपासून साधारण 1,800 फुटांवर, चारी बाजूंनी डोंगर आणि मधे लांबरुंद सपाट खोरं. या डोंगरांत अशी सपाटी फार थोड्या ठिकाणी सापडते. इथे जुना, टणक खडक नव्या चुनखडकावर सरकून बसला होता. पुढे वरचा थर झिजून गेला, चुनखडक उघडा पडला आणि त्याची कसदार माती झाली. गाव वसलं ते या मातीमुळे.

ही जागा आधी चेरोकी या मूळ अमेरिकी जमातीची. 1818 साली जॉन ऑलिव्हर आणि त्याची बायको ल्युक्रिशिया इथे आले. पहिल्याच हिवाळ्यात दोघांची उपासमार व्हायची वेळ आली, तेव्हा चेरोकींनी सुकवलेला भोपळा देऊन त्यांना जगवलं. पुढच्याच वर्षी, 1819 मध्ये, करार होऊन ही जमीन चेरोकींच्या हातून गेली, आणि 1838 मध्ये त्यांच्यातल्या बहुसंख्य लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेला हाकललं गेलं. 1850 पर्यंत खोऱ्यात 685 माणसं राहत होती. मुलांना ही गोष्ट गाडीत बसल्या बसल्या, पोचण्याआधीच सांगा. म्हणजे पहिल्या घरापाशी उतरताना त्यांच्या डोक्यात प्रश्न तयार असतात.

आम्ही अटलांटाहून गेलो, साधारण चार तासांचा रस्ता. मुक्कामासाठी गॅटलिनबर्ग किंवा पिजन फोर्जपेक्षा टाउनसेंड निवडा. गाव लहान आणि शांत आहे, आणि कोव्हला तिथून जेमतेम अर्धा तास लागतो. गॅटलिनबर्गहून वळणावळणाच्या रस्त्याने सत्तावीस-अठ्ठावीस मैल जावं लागतं आणि ज्यांना गाडी लागते त्यांचे हाल होतात. स्वयंपाकघर असलेली केबिन घ्या. शाकाहारी आणि पथ्यपाण्याची माणसं सोबत असतील तर सकाळी पोळीभाजीचा डबा करून निघणं सगळ्यात सोयीचं. उद्यानाच्या आत पेट्रोल मिळत नाही, कॅम्पग्राउंडच्या दुकानापलीकडे खायला मिळत नाही, आणि फोनला रेंज जवळजवळ नसते. टाकी टाउनसेंडला भरा आणि नकाशा आधीच उतरवून ठेवा.

प्रवेशाला पैसे पडत नाहीत. मात्र 2023 पासून, पंधरा मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी उभी करायची तर पार्किंग टॅग लागतो: दिवसाचा 5 डॉलर, आठवड्याचा 15, वर्षाचा 40. सगळ्या राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास इथे टॅगच्या जागी चालत नाही, हे अनेकांना तिथे गेल्यावर कळतं. दुसरी अडचण बुधवारची. अलीकडे उन्हाळ्याच्या मोसमात बुधवारी हा रस्ता गाड्यांना पूर्ण बंद असतो आणि फक्त चालणाऱ्यांना व सायकलवाल्यांना खुला असतो. मुलं सायकल चालवणारी असतील तर तो दिवस त्यांच्यासाठी पर्वणीच आहे. सायकली कॅम्पग्राउंडच्या दुकानात भाड्याने मिळतात. आजी-आजोबा सोबत असतील तर बुधवार टाळा. त्या वर्षीच्या तारखा उद्यानाच्या संकेतस्थळावर बघूनच केबिनचं आरक्षण करा.

खोऱ्याभोवती अकरा मैलांचा एकेरी रस्ता (लूप) आहे, सूर्योदयाला उघडतो आणि सूर्यास्ताला बंद होतो. अकरा मैल वाचून फसू नका. शनिवार-रविवारी, आणि ऑक्टोबरात पानांचे रंग बदलतात तेव्हा, नुसत्या फेरीला तीन-चार तास जातात. एखादं अस्वल दिसलं की पुढची गाडी भर रस्त्यात थांबते आणि मागे सगळी रांग अडते. थांबायचं तर रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत गाडी काढा. स्पार्क्स लेन आणि हायट लेन अशा दोन आडव्या वाटा खोरं मधून कापतात, कुणाला बरं वाटेनासं झालं तर त्यांनी लवकर बाहेर पडता येतं. आम्ही एप्रिलअखेर, आठवड्याच्या मधल्या दिवशी, उजाडताच आत शिरलो. डॉगवुडची झाडं पांढऱ्या फुलांनी भरली होती, कुरणात धुकं होतं, हरणं रस्त्यालगत चरत होती आणि पुढेमागे फार गाड्या नव्हत्या. सुरुवातीलाच माहितीपुस्तिका थोडक्या पैशांत मिळते, ती घ्याच. आमच्या आठ वर्षांच्या लेकीने ती हातात धरून सगळ्यांना प्रत्येक घराची माहिती वाचून दाखवली आणि तिचा दिवस मजेत गेला.

पहिलं घर जॉन ऑलिव्हरचं, 1820 च्या दशकातलं. गाडीपासून थोडं चालावं लागतं, वाट सोपी आहे. लाकडाचे तासलेले ओंडके कोपऱ्यात खाचा पाडून एकमेकांत अडकवलेत. खिळा नाही, खुंटी नाही, ओंडक्यांच्या वजनानेच भिंत धरून राहिली आहे. फटी मातीने लिंपलेल्या. माझे सासरे, अप्पा, कितीतरी वेळ एका कोपऱ्यापाशी उभे राहून खाचांवरून हात फिरवत होते. त्यांचं मूळ गाव कोयनेच्या खोऱ्यात होतं. धरण झालं तेव्हा ते शाळकरी होते, आणि गाव शिवसागराच्या पाण्याखाली गेलं.

त्यानंतर एकामागून एक तीन चर्च येतात. तिन्हींपाशी गाडी नेता येते, त्यामुळे गुडघेदुखीवाल्यांनाही आत जाता येतं. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट या ख्रिस्ती पंथाची इथली मंडळी 1827 मध्ये स्थापन झाली, आताची इमारत 1887 ची. अमेरिकेच्या यादवी युद्धात हे खोरं बहुतांशी उत्तरेच्या, म्हणजे संघराज्याच्या बाजूचं होतं. डोंगरापलीकडून नॉर्थ कॅरोलायनातले दक्षिणेचे हल्लेखोर येऊन गुरं, धान्य लुटून नेत. युद्धाच्या काळात चर्चच बंद ठेवावं लागलं. 1864 मध्ये रसेल ग्रेगरी नावाच्या म्हाताऱ्याने गावकऱ्यांना जमवून हल्लेखोरांना पळवून लावलं, पण नंतर त्यांनी परत येऊन त्याला ठार केलं. त्याचं थडगं याच चर्चमागे आहे आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या बंडखोरांनी खून केला, असं दगडावर स्पष्ट कोरलेलं आहे. जॉन आणि ल्युक्रिशियाही तिथेच पुरलेले आहेत. इथे घाई करू नका. लहान मुलांची थडगी इतकी आहेत की त्या काळातलं जगणं वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मेथडिस्ट चर्च 1902 चं. बांधणाऱ्याने ते 115 दिवसांत, 115 डॉलरमध्ये उभं केलं असं सांगतात. त्याला दोन दारं आहेत. पुरुष आणि बायका वेगळे बसत असतील असं कुणालाही वाटेल, पण ही मंडळी एकत्रच बसायची, आराखडा तेवढा दुसऱ्या चर्चवरून घेतला होता. मिशनरी बॅप्टिस्ट चर्च मोजून दोन मिनिटांत बघून होतं. त्याच्या समोरून रिच माउंटन रोड निघतो. हा कच्चा, एकेरी डोंगररस्ता टाउनसेंडकडे उतरतो आणि हिवाळ्यात बंद असतो. त्यावर एकदा शिरलात की परत लूपवर येता येत नाही, आणि पाणचक्की तर अजून पुढे आहे. म्हणून तो मोह टाळा.

इलायजा ऑलिव्हरच्या घरापर्यंत सुमारे अर्धा मैल चालत जायचं आणि तेवढंच परत यायचं. अप्पा आणि सासूबाई गाडीपाशी सावलीत थांबले, आम्ही मुलांना घेऊन गेलो. मला सगळ्यांत आवडलेलं घर हेच. पडवीचा एक भाग बंदिस्त करून तिथे वाटसरूंसाठी खोली केली आहे. रात्री-अपरात्री आलेल्या अनोळखी माणसाला निजायला जागा, घरच्यांची झोप न मोडता.

केबल मिल हे फेरीच्या साधारण मध्यावर येतं. इथे स्वच्छतागृहं आहेत, माहिती केंद्र आहे, जमीन सपाट आहे. दोन तास तरी हाताशी ठेवा. 1870 च्या सुमाराची पाणचक्की मूळ जागेवर उभी आहे. लाकडी पन्हळीतून पाणी चाकावर वरून पडतं आणि आत दगडी जात्यात मका दळला जातो. हिवाळा सोडून गेलात तर ती चालू असण्याची शक्यता बरीच. सासूबाईंनी चक्कीवाल्याला, माझ्या मार्फत, नेमके प्रश्न विचारले: जात्याला टाकी कशाने लावतात, पीठ गरम होऊ नये म्हणून काय करतात. त्यांचं बोलणं चांगलं अर्धा तास चाललं. दुकानात मक्याचं पीठ विकत मिळतं. ते जाडसर असतं, भाकरी करायची तर चाळून घ्या आणि उकड काढा.

चक्कीशेजारचं फळ्यांचं घर बेकी केबलचं. तिने लग्न केलं नाही, भावाची मुलं वाढवली, शेती आणि गुरं सांभाळली आणि 1940 मध्ये 96 वर्षांची होऊन वारली. तिथूनच फोर्ज क्रीक रोडने थोडं आत गेलं की हेन्री व्हाइटहेडचं घर लागतं. बहुतेक लोक ते गाळतात. मटिल्डा ग्रेगरी नावाच्या बाईला नवऱ्याने लहान मुलासकट टाकलं, तेव्हा तिच्या भावांनी घाईघाईत तिला एक ओबडधोबड खोपटं बांधून दिलं. पुढे हेन्री व्हाइटहेड या तीन मुलींच्या विधुर बापाने तिच्याशी लग्न केलं आणि त्या खोपटाला लागून नीट कापलेल्या लाकडांचं देखणं घर उभारलं. दोन्ही वास्तू पाठीला पाठ लावून आहेत. ती बघायलाच हवी.

इतकं बघून झाल्यावर चक्कीपाशी अप्पांनी विचारलं, “यांना जमीन कुठे दिली?”

कुठेच नाही, उद्यानासाठी गाव उठवलं तेव्हा पैसे दिले. सुरुवातीला कोव्हच्या लोकांना तुमची घरं उद्यानात जाणार नाहीत असं सांगितलं गेलं होतं. मग 1927 मध्ये टेनेसीच्या कायद्याने जमीन सक्तीने घेण्याचा अधिकार दिला. उद्यानासाठी झटणाऱ्या कर्नल चॅपमन यांना उद्देशून, कोव्हच्या माणसांना सोडा, चालते व्हा, असं लिहिलेली पाटी गावकऱ्यांनी रस्त्यावर लावली. पहिल्या ऑलिव्हरचा पणतू जॉन डब्ल्यू. ऑलिव्हर वर्षानुवर्षं कोर्टात लढला, शेवटी हरला आणि 1937 मध्ये घर सोडून गेला. काहींना हयातभर भाडेपट्ट्याने राहू दिलं. प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट मंडळी मात्र 1960 च्या दशकापर्यंत त्याच चर्चमध्ये प्रार्थनेला जमत राहिली. अप्पा म्हणाले, “आमचं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की दिसायचं, तेव्हा आमची माणसंही जायची.”

मुलांना आणखी एक गोष्ट जरूर सांगा. आज दिसतं ते गाव शेवटी जसं होतं तसं नाही. उद्यानाने जुनी ओंडक्यांची घरं जपली आणि नव्या धाटणीची कितीतरी घरं पाडली. चक्कीच्या आवारातल्या काही वास्तू तर दुसरीकडून आणून बसवलेल्या आहेत. प्रत्यक्षात इथे 1830 च्या दशकात टपाल कचेरी होती, आणि 1890 च्या दशकात डॅन लॉसन आणि शेजाऱ्यांनी मेरीव्हिलपर्यंत स्वतः टेलिफोनची तार ओढली होती. लॉसनचं घर पुढे लागतंच, तिथे हे सांगितलं की मुलांना खोऱ्यातली माणसं जंगलात हरवलेली वाटत नाहीत.

या घरांच्या आतल्या भिंतींवर लोकांनी नावं कोरून ठेवली आहेत. रायगड-सिंहगडावर बघून जसा जीव तुटतो तसाच इथेही तुटला. आत शिरण्याआधीच मुलांना बजावा, आणि दुसऱ्याचं मूल कोरताना दिसलं तर गप्प बसू नका.

अस्वलांबद्दल: उद्यानात सुमारे 1,900 काळी अस्वलं आहेत. आम्हाला लूपवरच्या टिप्टन प्लेस या जुन्या घराजवळ एक मादी आणि पिल्लं दिसली, लांब झाडाखाली. पन्नास यार्डांच्या आत जाणं हा गुन्हा आहे, मग फोटो कितीही चांगला येणार असो. डबा खायचा तो लूपच्या सुरुवातीच्या पिकनिकच्या जागेत. उरलेलं अन्न अस्वलाला न उघडणाऱ्या पेटीतच टाका, डाळिंबाची सालं किंवा केळ्याचं सालसुद्धा गवतात नको. उंच गवतात शिरू नका, गोचिडी असतात. एब्रम्स फॉल्सची वाट जाऊन-येऊन पाच मैलांची आहे. धबधबा जेमतेम वीस फुटांचा, पण डोहातल्या पाण्याची ओढ जीवघेणी आहे, मुलांना पाण्यात उतरू देऊ नका. आजी-आजोबा सोबत असतील तर तो त्या दिवशी सोडूनच द्या.

जमलं तर आदल्या दिवशी न्यूफाउंड गॅप ओलांडून नॉर्थ कॅरोलायनातल्या चेरोकी गावात जा. 1838 नंतरही या डोंगरांत टिकून राहिलेल्या चेरोकींचे वंशज तिथे राहतात आणि त्यांचं स्वतःचं संग्रहालय आहे. आम्ही ते कोव्हनंतर केलं. मुलं दहा-बारा वर्षांची असतील तर आधी संग्रहालय आणि मग कोव्ह, हाच क्रम ठेवा. वाटेत ओकोनालुफ्टीच्या कुरणात संध्याकाळी एल्क ही मोठी हरणं चरायला येतात, त्यामुळे परतताना उजेड असेल अशा बेताने निघा.